चामखीळ, संमोहन आणि लुईस थॉमस

विज्ञानावरचा ललित निबंध कसा असावा, असे कोणी विचारले की आम्ही बहुधा लुईस थॉमस यांचे नाव सांगतो. थॉमस (१९१३–१९९३) हे अमेरिकन डॉक्टर. रोगप्रतिकारशास्त्र हा त्यांचा अभ्यासविषय, आणि १९७३ पासून न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध स्लोन-केटरिंग कर्करोग केंद्राचे ते प्रमुख होते. 'द लाइव्ह्ज ऑफ अ सेल' (१९७४) या पुस्तकाने त्यांना घरोघरी पोचवले. त्यानंतरच्या 'द मेडुसा अँड द स्नेल' (१९७९) या संग्रहात चामखिळीवर एक छोटा निबंध आहे, 'ऑन वॉर्ट्स'. इंग्रजी निबंधसंग्रहांत तो पुन्हा पुन्हा छापला गेला आहे, आणि अकरावी-बारावीच्या मुलांना वाचायला द्यावा असा मोह इंग्रजीच्या आणि जीवशास्त्राच्या शिक्षकांना सारखाच होतो. तो द्यावा की नाही, आणि द्यायचा तर सोबत काय द्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

आधी गुणांविषयी. चामखिळीसारख्या क्षुल्लक, थोड्या किळसवाण्या गोष्टीकडे थॉमस कौतुकाने पाहतात. चामखीळ म्हणजे त्वचेवरची घाण नव्हे, ती एका विषाणूने स्वतःसाठी बांधून घेतलेली वास्तू आहे, ही त्यांची मांडणी आहे. ती नुसती अलंकारिक नाही, शास्त्रालाही धरून आहे. पॅपिलोमा विषाणू बारीकशा खरचटण्यातून शिरतो आणि त्वचेच्या सर्वांत खालच्या थरातल्या पेशींत मुक्काम करतो. या पेशी विभागत विभागत वर सरकतात, कडक होतात आणि शेवटी कोंड्यासारख्या गळून पडतात, हा आपल्या त्वचेचा नेहमीचा क्रम. विषाणू त्या पेशींना विभागत राहायला लावतो, त्यामुळे थर जाड होतो. मात्र नवे विषाणू तयार होतात ते वरच्या, मरणाला टेकलेल्या पेशींत, आणि त्या गळाल्या की त्यांच्याबरोबर आपोआप बाहेर पडतात. शरीराच्या बंदोबस्तापासून जितके लांब राहता येईल तितके लांब राहण्याची ही सोय आहे. इतके कसब असणाऱ्या या विषाणूची जनुकीय सामग्री म्हणजे सुमारे आठ हजार अक्षरांचे डीएनएचे एक कडे, बस्स. थॉमस यांचे कौतुक अस्थानी नाही.

पण कौतुकाच्या भरात त्यांनी एक गोष्ट सैल सोडली आहे. पावसाळ्यात हिरवळीवर अळंबी उगवावीत तशी चामखीळ एका रात्रीत उगवते, असे त्यांचे चित्र आहे. प्रत्यक्षात संसर्ग झाल्यापासून चामखीळ डोळ्यांना दिसेपर्यंत आठवडे, बहुधा महिने जातात. इटलीच्या चुफ्फो यांनी १९०७ साली चामखिळीचा अर्क जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि स्वतःच्याच हाताला टोचून घेतला. चामखिळी आल्या त्या काही महिन्यांनी. चामखीळ विषाणूमुळे होते, हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले. शिक्षकाच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे. 'काल याच्या शेजारी बसलो आणि आज चामखीळ आली' असे एखादा मुलगा म्हणाला तर ते काळाच्या हिशेबात बसत नाही, हे सांगता आले पाहिजे.

निबंधाचा खरा विषय मात्र चामखिळीचे येणे नसून जाणे आहे. थॉमस सांगतात की एवढी दगडासारखी घट्ट दिसणारी चामखीळ एके दिवशी काही कारण न कळता नाहीशी होते. मग ते म्हणतात की तिला विचाराने, म्हणजे संमोहनातल्या सूचनेने, घालवता येते. पुरावा म्हणून एक प्रयोग सांगतात. अंगाच्या दोन्ही बाजूंना चामखिळी असलेले चौदा रुग्ण घेतले, त्यांना संमोहित करून एकाच बाजूच्या चामखिळी जातील अशी सूचना दिली. काही आठवड्यांत नऊ जणांच्या त्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या चामखिळी गेल्या, दुसऱ्या बाजूच्या तशाच राहिल्या. यावरून थॉमस पुढे झेप घेतात. चामखीळ घालवायची तर कोणत्या पेशींना काय हुकूम द्यायचे, हे जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञाला पुरते माहीत नाही. पण आपल्या अबोध मनाला ते माहीत असले पाहिजे. म्हणजे आपल्या प्रत्येकात एक अतिबुद्धिमान असा कोणीतरी बसला आहे, आणि त्याचा शोध घेण्यासाठी कर्करोगाविरुद्ध पुकारले तसे चामखिळीविरुद्ध युद्ध पुकारावे! शेवटचा भाग अर्थातच थट्टेचा आहे. पण थट्टा किती आणि दावा किती, हे ते वाचकाला कळू देत नाहीत.

पुराव्याकडे नीट पाहू. चौदा रुग्णांचा हा प्रयोग सिंक्लेअर-गीबेन आणि चामर्स यांनी १९५९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याची रचना खरोखर हुशारीची आहे. चामखिळी आपोआप जातातच, मग संमोहनाने गेल्या हे कशावरून, या शंकेला त्यांनी रुग्णाची दुसरी बाजूच उत्तर म्हणून ठेवली. उपचाराची बाजू आणि तुलनेची बाजू एकाच माणसाच्या अंगावर, त्यामुळे वय, आहार, स्वभाव सगळे सारखे. वर्गात 'नियंत्रण' ही कल्पना शिकवायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण. चौदांपैकी दहा जणच पुरेसे संमोहित झाले होते आणि त्यांतल्या नऊ जणांना गुण आला, ही माहितीही मूळ लेखात आहे.

आता दुसरा प्रयोग. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या गटाने १९७३ साली तो प्रसिद्ध केला. सतरा रुग्णांना दर आठवड्याला एकदा असे पाच वेळा संमोहित केले, सूचना पुन्हा एकाच बाजूसाठी. सात रुग्णांना काहीच उपचार दिले नाहीत. तीन महिन्यांनी सतरांपैकी नऊ जणांत ठळक सुधारणा दिसली, सातांपैकी एकातही नाही. परंतु सुधारणा एका बाजूपुरती राहिली नाही, ती दोन्ही बाजूंना झाली. थॉमस हा प्रयोग लपवत नाहीत, त्यांच्या निबंधात त्याचा उल्लेख आहे. पहिल्या प्रयोगातल्या एका रुग्णाने गोंधळून भलत्याच बाजूच्या चामखिळी घालवल्या, असेही ते मिस्कीलपणे सांगतात. पण या सगळ्याकडे ते अबोध मनाच्या गमतीदार चुका म्हणून पाहतात.

आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. सांगितलेल्या बाजूची चामखीळ गेली तर मनाने हुकूम पाळला, दुसऱ्या बाजूची गेली तर मन गोंधळले, दोन्ही बाजूंची गेली तर मनाने जरा जास्तच उत्साह दाखवला. छापा पडला तरी आम्ही जिंकलो आणि काटा पडला तरी आम्हीच. मग कोणता निष्कर्ष आला असता तर थॉमस यांनी 'माझी कल्पना चुकली' असे म्हटले असते? हा प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावा आणि उत्तर निबंधात शोधायला सांगावे. ते सापडत नाही. पहिल्या प्रयोगाचे सगळे बळ 'एकच बाजू' या दोन शब्दांत होते. दुसऱ्या प्रयोगात तेच निसटले, तरी निबंधातला आत्मविश्वास किंचितही कमी होत नाही.

आणि गंमत अशी, की दोन्ही बाजूंच्या चामखिळी एकदम जाणे हे चमत्कारिक नाहीच. चामखीळ जाते ती मुख्यतः टी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या कामगिरीने. विषाणू वरच्या थरांत लपलेला असल्याने त्यांना त्याचा पत्ता उशिरा लागतो. पण एकदा ओळख पटली की या पेशी रक्तातून अंगभर फिरतात, त्यांना डावे-उजवे कळत नाही. म्हणूनच पुष्कळदा एका चामखिळीवर उपचार करावा आणि दूरच्या दोन-चार आपोआप जाव्यात असे घडते. मूत्रपिंड-रोपणानंतर ज्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागतात, त्यांच्या अंगावर चामखिळी उदंड येतात आणि हटता हटत नाहीत. त्यांची मने काही दुबळी झालेली नसतात. स्वतः प्रतिकारशास्त्रज्ञ असलेल्या थॉमस यांनी लिम्फोसाइटचे नाव घेतले आहे, पण कामगाराकडे ओझरते पाहून ते अदृश्य मालकाच्या शोधात निघून गेले, असे आम्हाला वाटते.

आणखी एक राहून गेलेली गोष्ट म्हणजे साधे गणित. चामखिळी आपोआप जातात असे ते म्हणतात, पण किती जातात आणि किती दिवसांत, हे विचारत नाहीत. मॅसिंग आणि एपस्टाइन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका संस्थेतल्या मुलांकडे दोन वर्षे लक्ष ठेवले होते. काहीही उपचार न करता सुमारे दोन-तृतीयांश चामखिळी त्या काळात गेल्या. हाच वेग कायम धरला तर तीन महिन्यांत किती जातील? दोन वर्षांत तीन-तीन महिन्यांचे आठ टप्पे. ०.८७ ही संख्या आठ वेळा घेऊन गुणाकार केला की जवळजवळ एक-तृतीयांश येते. म्हणजे दर टप्प्यात शंभरांतल्या तेरा जातात. मग सात माणसांपैकी एकाचीही तीन महिन्यांत जाऊ नये याची शक्यता किती? ०.८७ सात वेळा, म्हणजे सदतीस-अडतीस टक्के. मुलांच्या चामखिळींचा आकडा मोठ्या माणसांना लावणे हे ढोबळच आहे, तरी एवढे कळते की 'सातांपैकी एकही नाही' यात फारसे नवल नाही. उलट 'सतरांपैकी नऊ' हा आकडा या हिशेबात सहज बसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र त्या सातांकडे दर आठवड्याला कोणी लक्ष दिले नव्हते, आणि 'ठळक सुधारणा' म्हणजे 'पूर्ण गेल्या' असे नव्हे.

तेव्हा संमोहनाचा दावा निकालात निघाला असे आम्ही म्हणत नाही. कॅनडात स्पॅनोस आणि सहकाऱ्यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चाळीस जणांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट केले होते. संमोहन, सॅलिसिलिक आम्ल, निव्वळ दिखाऊ औषध आणि काहीच नाही. सहा आठवड्यांनी काहीच न केलेल्या गटापेक्षा सरस ठरला तो संमोहनाचा गटच. पण एका गटात दहा माणसे! चामखिळीच्या बाबतीत छोट्या प्रयोगांवर किती विसंबावे, याचे एक मासलेवाईक उदाहरण चिकटपट्टीचे आहे. २००२ साली अमेरिकेत एकावन्न रुग्णांवर प्रयोग झाला. नळदुरुस्तीला वापरतात तसली जाड चिकटपट्टी चामखिळीवर लावून ठेवली तर ८५ टक्के रुग्ण बरे झाले, गोठवण्याच्या उपचाराने ६० टक्के. वर्तमानपत्रांनी बातमी उचलून धरली. २००६ साली नेदरलँड्समध्ये १०३ शाळकरी मुलांवर तीच गोष्ट करून पाहिली तेव्हा चिकटपट्टीने १६ टक्के आणि दिखाऊ उपचाराने ६ टक्के मुले बरी झाली. हा फरक योगायोगानेही पडू शकेल एवढाच होता. २००७ साली मोठ्या माणसांवरच्या प्रयोगात आकडे आले २१ आणि २२.

आपोआप जाणाऱ्या दुखण्यात प्रत्येक उपाय कधी ना कधी यशस्वी ठरतोच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, आणि श्रेय कावळ्याला जाते. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयर आणि हकलबेरी फिन यांच्यात मेलेले मांजर मध्यरात्री स्मशानात नेऊन चामखीळ घालवण्यावर रंगलेली चर्चा अनेकांनी वाचली असेल. पण शहाण्यांचीही यातून सुटका नाही. निरीक्षणातून नियम काढण्याची पद्धत जगाला समजावून सांगणारे फ्रान्सिस बेकन तरुणपणी पॅरिसमध्ये असताना त्यांच्या हातांवर शंभरेक चामखिळी आल्या. इंग्लिश राजदूताच्या पत्नीने त्यांवर डुकराच्या चरबीचा तुकडा चोळला आणि तो दक्षिणेकडच्या खिडकीशी उन्हात खिळ्याने ठोकून ठेवला. चरबी वितळत गेली, आणि पाच आठवड्यांत चामखिळी गेल्या. लहानपणापासूनची एक जुनी होती, तीही गेली. बेकन यांनी ही हकीकत आपल्या ग्रंथात गंभीरपणे नोंदवली आहे, तो १६२७ साली त्यांच्या मृत्यूनंतर छापला गेला. नव्या आणि जुन्या चामखिळी एकाच वेळी गेल्या, हा त्यातला तपशील आजच्या वाचकाला चरबीपेक्षा लिम्फोसाइटकडे बोट दाखवणारा वाटेल.

आपल्याकडचे उपाय इतके निरुपद्रवी नाहीत, आणि इथे थॉमस यांची मुक्त थट्टा मराठी वर्गात तशीच नेता येत नाही. बिब्ब्याचे तेल, रुईचा चीक, चुना आणि सोडा, उदबत्तीचा चटका हे सगळे आजही चालते. बिब्ब्याने कातडी भाजते आणि कधी कधी अंगभर पुरळ उठतो. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. चामखीळ गेली तरी डाग राहतो, आणि तो चामखिळीपेक्षा जास्त काळ टिकतो. भाषेचाही एक घोटाळा आहे. मान, काख, पापणी इथे लोंबणारा मऊ मांसल दाणा आणि बोटावरचा खरखरीत, फुलकोबीसारखा उंचवटा या दोन्हींना आपण चामखीळच म्हणतो. पहिला विषाणूमुळे होत नाही, पसरतही नाही. घोड्याचा केस बांधून 'चामखीळ' पडल्याच्या ज्या कथा ऐकू येतात त्या बहुतेक या लोंबत्या दाण्याच्या असतात, कारण त्याचा देठ आवळता येतो. बोटावरच्या विषाणूजन्य चामखिळीला देठ नसतो आणि समजतात तसे मूळही नसते. तिच्यात दिसणारे काळे ठिपके म्हणजे रक्त साकळलेल्या सूक्ष्म केशवाहिन्या. तळपायाला आलेल्या चामखिळीला तर पुष्कळदा कुरूप समजून ब्लेडने कापले जाते. वरचा कठीण थर किंचित घासल्यावर असे ठिपके दिसले आणि त्वचेच्या रेषा तिथे तुटलेल्या असल्या तर ती चामखीळ.

मग करावे काय? मुलाला त्रास नसेल तर वाट पाहणे हाही उपचार आहे. नेदरलँड्समधल्या शाळांत सुमारे ११०० मुले तपासली तेव्हा तिसऱ्या हिश्श्याला चामखिळी होत्या, आणि त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांच्या वर्षभरात पूर्ण गेल्या. त्रास असेल, किंवा चिडवण्याने मूल हात लपवू लागले असेल, तर दोन उपायांना बऱ्यापैकी आधार आहे. सॅलिसिलिक आम्लाचे औषध रोज लावणे, किंवा डॉक्टरांकडून द्रवरूप नायट्रोजनने गोठवून घेणे. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डच प्रयोगात तेरा आठवड्यांनी साध्या चामखिळी असलेल्यांपैकी गोठवण्याने ४९ टक्के, आम्लाने १५ टक्के आणि काहीही न करता ८ टक्के बरे झाले. तळपायाच्या बाबतीत मात्र आकडे ३०, ३३ आणि २३ असे होते, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. आम्ल चेहऱ्यावर लावू नये. मधुमेह असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय पायाला लावू नये. गुप्तांगावरच्या चामखिळींवर घरचा उपाय करूच नये. उतारवयात नव्याने आलेली, वाढणारी किंवा रक्त येणारी गाठ चामखीळ समजून सोडून देऊ नये.

प्रतिबंधाबाबत शिक्षकांच्या कामाची गोष्ट त्याच डच पाहणीत आहे. नवी चामखीळ येण्याचा धोका वाढतो तो घरात कोणाला चामखिळी असल्या किंवा वर्गात त्या बऱ्याच जणांना असल्या तर. पोहण्याच्या तलावांना दिला जातो तेवढा दोष त्या पाहणीत दिसला नाही. याचा अर्थ मुलाला वेगळे बसवावे असा मुळीच नाही. चामखीळ पट्टीने झाकावी, टॉवेल आणि पायमोजे वेगळे ठेवावेत, नखे आणि नखांभोवतीची कातडी कुरतडण्याची सवय सोडवावी, चामखीळ खरवडलेली कानस किंवा ब्लेड दुसऱ्याने वापरू नये. यापलीकडे शाळेने काही करण्याची गरज नाही.

थॉमस यांच्या थट्टेतला एक भाग मात्र त्यांच्या कल्पनेपेक्षा वेगळ्या वाटेने खरा ठरला. चामखिळीच्या विषाणूंचा पद्धतशीर अभ्यास करावा, ही त्यांची इच्छा. निबंधानंतर चारच वर्षांनी, १९८३ साली, जर्मनीत हॅराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला याच कुळातला सोळाव्या क्रमांकाचा विषाणू गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सापडला. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २००६ पासून त्यावर लस आहे आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली भारतीय लस २०२३ साली उपलब्ध झाली. या कुळात दोनशेहून अधिक प्रकार आहेत. हातापायांवरच्या नेहमीच्या चामखिळींचे प्रकार वेगळे, ते सहसा कर्करोग करत नाहीत, आणि ही लस त्यांच्यासाठी नाही. पालकसभेत हे दोन्ही प्रश्न हमखास येतात.

निबंध मुलांना जरूर द्यावा. एका तासात वाचून होईल. तो वाचून झाल्यावर लगेच दोष दाखवू नयेत, मुलांना आधी हसू द्यावे. दुसऱ्या तासाला दोन्ही प्रयोगांचे आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत आणि विचारावे, की दुसऱ्या प्रयोगानंतर थॉमस यांनी निबंधातले कोणते वाक्य बदलायला हवे होते. ०.८७ चा गुणाकार गणिताच्या शिक्षकांकडे सोपवला तरी चालेल.